उखळीतली वाळू

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी उखळ आहे. माझ्या काठावर बसायचे नसते, हे आमच्या मलावीत रांगते मूलही जाणते. तुम्हीही खालीच बसा आणि ऐका.

देझाच्या डोंगराखालच्या एका अंगणात मी जन्मभर मका कांडून दिला. तीन बायकांची तीन मुसळे आळीपाळीने पडत, पण एकमेकांना लागत नसत. त्यांत एनेलेसचा ठेका सर्वांत नेटका होता.

तिचे तान्हे बाळ गेले. दुखवट्यात शेजारणींनी तिचा मका कांडून दिला. तशी रीतच आहे. पण दुखवटा सरला तरी त्यांची दया सरेना. कोणी तिला मुसळ धरू देईना. ती उंबऱ्यावर बसून राही. तिची चार वर्षांची लेक तियामिके हाका मारी. आई मान वळवीत नसे.

मग मुलगी चावू लागली, माझ्या पोटात वाळू ओतू लागली. एनेलेस उठून तिला मारी आणि स्वतःच्या हाताकडे पाहून अधिकच खचे. आई खचली की मुलगी आणखी चेकाळे.

अखेर मामा आला. आमच्यात बहिणीच्या मुलांबाबत मामाचा शब्द शेवटचा.

"पोरीला सरोवराकाठी मावशीकडे नेतो."

"न्या, दादा," एनेलेस म्हणाली. "माझ्याजवळ ती बिघडतेय."

तेवढ्यात माझ्यात वाळू पडली.

"बघा! भूत शिरलंय कार्टीत!" मामा ओरडला.

"भूत तुझ्या टोपीत असेल," शेजारची नाफिरी आजी कडाडली. "का गं बाळ, वाळू का टाकतेस?"

"मग आई उठते."

आजी अंगणातल्या बायकांकडे वळली.

"ऐकलंत, बायांनो? हिच्या हातचं मुसळ आपण काढून घेतलं. आता पोरही काढायची? हा आजार आहे. मी हिला दवाखान्यात नेते. आणि शहाण्या, सुगीपर्यंत थांब. तोवर पोरीला छोटं मुसळ तासून दे."

मामाने कुरकुरत तासले. एनेलेस आजीबरोबर दवाखान्यात जाऊ लागली. तिथे मन मोकळे करी, औषध घेई. कधी रडत, कधी ठेका चुकवत ती पुन्हा कांडू लागली. तियामिके शेजारी उभी राही. चावणे हळूहळू थांबले.

सुगीला मामा परतला आणि माझ्यात वाळू आहे का ते तपासायला अगदी जवळ वाकला. छोटे मुसळ नेमके त्याच्या पायाच्या अंगठ्यावर पडले.

"आई गं!"

एनेलेस खळखळून हसली. तियामिके आईच्या तोंडाकडे पाहतच राहिली.

"परत मारू?"

मामा लंगडत, एकटाच परत गेला.

मित्रांनो, एखादे मूल फार त्रास देताना दिसले, तर आधी त्याच्या आईजवळ जाऊन बसा. ती जेवली का, झोपली का, हे विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.