मागे राहील तिचं

आमच्या घरात ‘मागे’ म्हणजे अंगणापलीकडची खोली. चहा मागे नेऊन दे, मागचा नळ गळतोय, मागे कोण आलंय बघ, लहानपणापासून असंच चालत आलंय. पुढे रस्त्याला लागून दोन खोल्या. एकीत माझं पार्लर, दुसरीत मी. आणि मागे ताई. त्या खोलीत ऊन कधी शिरत नाही. भिंतीला ओल, उशाशी पुस्तकांचा ढीग आणि अखंड खोकला.

ताई छापखान्यात प्रुफं तपासायची. जन्मभर दुसऱ्यांच्या वेलांट्या सुधारल्या, निवृत्त झाली तरी खोड गेली नाही. माझ्या दरपत्रकातल्या चुकासुद्धा लाल पेनाने काढल्या, त्याही भरल्या पार्लरमध्ये.

या वेळी डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो उजेडात धरला आणि झापलं मात्र मला. “या ओलीत त्यांना आणखी एक हिवाळा काढायला लावलात, तर पुढचं मला विचारू नका.” घरी आल्या आल्या मी माझ्या खोलीतलं कपाट सरकवलं, खिडकीखाली दुसरी खाट लावली, धुतलेली चादर घातली. ताईने दारातून पाहिलं, “छान झालंय हं,” म्हणाली आणि मागे निघून गेली.

झालं! माझं डोकंच फिरलं. विनवून पाहिलं, ओरडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. अबोला मला दुपारपर्यंतच जमतो, ते सोडा. तिचं आपलं एकच. “मी मागेच राहणार.” हिला जगायचंच नाहीये की काय, असं माझ्या मनात यायला लागलं. त्या धास्तीत एका बाईंची एक भुवई वर गेली नि एक खाली राहिली. बिचाऱ्या अजून सगळ्यांकडे आश्चर्याने बघतायत.

शनिवारी वकीलबाई केस रंगवायला आल्या. आमच्या घराचा कागद बाबांनी त्यांच्याकडूनच करून घेतला होता. त्यांचा आवाज असा की पलीकडच्या दुकानदाराने दचकावं. म्हटलं, यांनाच पुढे घालावं.

“तुम्हीच दम द्या तिला,” मी म्हटलं.

“डोक्याला रंग थापलेला असताना?”

“आत्ताच. नंतर तुम्ही पळून जाल.”

तेवढ्यात ताईच चहा घेऊन आली. वकीलबाईंनी आरशातूनच तोफ डागली. “काय हो, धाकटी एवढी जीव टाकतेय, आणि तुम्ही त्या कोंदट खोलीत काय म्हणून बसून राहता?”

ताईने कप खाली ठेवला. आधी खोकला आवरला. “वकीलबाई, कागद तुम्हीच केलात आणि मलाच विचारता? मी पुढे आले तर घर जाईल ना.”

“कुठे जाईल?”

“हिच्याकडे.”

मी कंगवा आपटला. “म्हणजे घरासाठी? मला घर मिळू नये म्हणून तिथे खोकत बसलीयस? घे बाई, सगळं घे! आरसेही घे, ड्रायरही घे!”

“तुझ्याकडे गेलं की त्याच्याकडे जाईल,” ताई म्हणाली. आवाज जरासुद्धा चढला नाही तिचा.

तो म्हणजे माझा नवरा. हात लागेल ते विकून दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटून बसलेला.

“तो येईल, दोन गोड शब्द बोलेल आणि तू विरघळशील. परवा फोनवर हसत होतीस. मी ऐकलंय.”

माझे कान तापले. हसले होते मी, खोटं कशाला बोलू?

“बाबा जाताना काय म्हणाले? घर दोघींचं, आणि पुढे जी मागे राहील तिचं. म्हणून मी मागे राहिले. तुझ्या डोक्यावर छप्पर तरी राहील.”

मग वकीलबाई अशा हसल्या, अशा हसल्या, की रंगाचा ओघळ कानापर्यंत आला. ताईचा चेहरा दिसला तेव्हा कुठे थांबल्या.

“अहो, मागे राहील म्हणजे मागच्या खोलीत राहील नव्हे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. हळू बोलता येतं त्यांना, तेव्हाच कळलं. “दोघींपैकी एक गेली, की जी उरेल तिचं सगळं घर. तोवर दोघींचं. एकीच्या सहीशिवाय दुसरीला विकता येत नाही, तसं बाबांनी घालूनच घेतलंय. कोण कुठे झोपतं याच्याशी कागदाला काय करायचंय?”

ताई खुर्चीवर टेकली. “मागे राहणं,” ती पुटपुटली. “अगं बाई. शब्द बरोबर होता, मीच चुकीचा वाचला.” मग प्रूफ तपासणारी ती, शंका काढल्याशिवाय कशी राहील? “आणि दोघी एकदम गेलो तर?”

“होतं तसंही. गाडी उलटते, होडी बुडते, आधी कोण गेलं ते कळत नाही. मग पुष्कळदा कायदा असं धरतो की मोठी आधी गेली आणि धाकटी मागे राहिली.”

“बघ!” ताई खूश होऊन माझ्याकडे वळली. “कायद्यानेही घर तुलाच दिलं.”

मला त्या शब्दाचा अर्थ पहिल्यापासून माहीत होता. पण त्या अर्थाचं घर मी कधी डोळ्यांसमोर आणलं नव्हतं. दोन खोल्या पुढे, एक मागे, आणि मागून खोकल्याचा आवाज नाही. मला एकदम रडूच फुटलं, गिऱ्हाइकासमोर, हातात रंगाचा ब्रश घेऊन.

“मला नको ते घर! ताई, तूच मागे राहा. ऐकतेस ना? तूच मागे राहायचंस.”

ताईने माझ्याकडे नीट पाहिलं. डोळे तिचेही भरले होते, पण जिभेची धार तीच. “इतके दिवस बोंबलतेयस, पुढे ये, पुढे ये. आता म्हणतेस मागे राहा. एकदा काय ते ठरव बाई, म्हणजे गादी उचलायची की नाही ते मला कळेल.”

“माझं डोकं धुवा आधी,” वकीलबाई म्हणाल्या, “नाहीतर टक्कल पडेल मला. मग गादी काय, खाटसुद्धा उचला.”

त्यांचं डोकं धुऊन झाल्यावर आम्ही दोघी गादी आणायला गेलो. अंगणात पुन्हा वाद. तू पुढे हो. नाही, तू हो. मी मागे धरते. मुळीच नाही, मी धरते. शेवटी गादी आडवी धरली आणि दोघी एकदमच दारात शिरायला गेलो, त्या चौकटीत गच्च अडकलो. ताईला हसू आवरेना. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. मी गादी सोडली आणि तिथेच उभी राहून तिची पाठ चोळत राहिले.