मस्कत ते सहार

गुणाजी परब सकाळी चहा पिता पिता बसल्या जागीच गेले. घाटकोपरच्या टेकडीवरच्या चाळीत माणसं जमली, सामान आलं, आणि त्यांच्या बायकोने, जानकीने, सगळ्यांना थांबवलं.

"माझो झील इल्याशिवाय ह्येंका हलवूचा नाय."

झील म्हणजे तिचा मुलगा जयवंत, मस्कतला वायरमन. मागच्या गणपतीला तोच ऐटीत बोलला होता, की गावाला जायला एसटीत अख्खी रात्र जाते, पण मस्कतहून सहारला अडीच तास. म्हातारीने ते मनात पक्कं धरलं होतं.

तळमजल्यावरच्या नानांकडे फोन होता. त्यांनी खटपट करून कंपनीत निरोप पोचवला. दुपारी जयवंतचा फोन आला, तशी त्याची थोरली बहीण सुगंधा धावत खाली गेली.

"ताई, पासपोर्ट मालकाकडे आहे गं. मालक गेलाय परदेशी. तो परत येईपर्यंत मला कोण सोडत नाय इथून. आईला नको सांगू. काहीतरी सांग, पण हे नको."

ती वर आली. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर खिळल्या.

"भायर पडलो तो?" आईने विचारलं.

"निघालाय," सुगंधाच्या तोंडून निघून गेलं.

झालं, ती अडकली. लोकांनी बर्फाच्या लाद्या आणल्या. कामावर जायचे होते ते थांबले. सहारला उतरणारी विमानं चाळीवरूनच जायची. एकेक घरघरत गेलं की आई दाराकडे मान वळवायची. खोलीत उदबत्तीचा धूर कोंडला होता. उठून बाहेर जावं तर बायका हात धरून पुन्हा बसवत होत्या. खरं सांगावं तर जीभ उचलेना. शेवटी आईने पुतण्याला, रतनला, हाक मारली.

"टॅक्सी घेवन जा. तेका घेवन ये."

रतन सुगंधाजवळ वाकला. "कुठलं विमान गं?"

सुगंधा उठून उभी राहिली.

"तो येणार नाय," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "पासपोर्ट काढून घेतलाय त्याचा. मी खोटं बोलले, आई."

जानकीने तिच्याकडे मान वळवली.

"म्हणजे माझ्या झिलाक कोंडून घातल्यानी?"

"तसंच म्हण."

म्हातारीने नवऱ्याच्या कपाळावरून हात फिरवला. "उचला," ती म्हणाली. चुलते श्यामसुंदर पुटपुटले, अग्नी कोण देणार? रतन पुढे झाला. "ह्यां देतला," म्हणत जानकीने सुगंधाकडे बोट केलं. चुलते स्मशानात आले, पण लांबच उभे राहिले. सुगंधाने मडकं खांद्यावर घेतलं. रतन शेवटपर्यंत तिच्या बाजूने चालला.

संध्याकाळी फोन आला तेव्हा बायकांनी अडवलं तरी जानकी स्वतः जिना उतरली. पलीकडे जयवंत नुसता रडत होता.

"रडा नको रे. तुज्या ताईन सगळा नीट केल्यान." तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "तुका जेवक घालतत मां?"

जयवंत पुढच्या वर्षी आला, करार संपल्यावर. जानकीने त्याला परत जाऊ दिलं नाही.