ओवाळलेला मोबाइल

चतुराबाईंनी कोनाड्यातल्या वायफायच्या पांढऱ्या डब्यावरचा विणलेला रुमाल दोन बोटांनी उचलला आणि रोहिणीकडे वळून पाहिलं.

"हिरवा दिवा दिसतो ना? तीन दिवसांत एकदा बी लाल झाला नाय."

डब्याला हळदकुंकू लावलेलं होतं. रोहिणी नुकतीच चपला काढून आत आली होती. हातातली परदेशी चॉकलेटांची पिशवी कुठे ठेवावी तेही तिला सुचेना.

"हे कशाला घेतलंत मावशी?"

"कशाला म्हंजे? आमच्यापायी तिकडं तुमची शोभा झाली. मोबाइलच्या रेंजवर इसंबून बसलो आम्ही. आता पार रस्त्यावरच्या खांबापासून तार ओढून घेतली. पुढच्या टायमाला लाइन जायची नाय."

लाइन गेलीच नव्हती. हे एकट्या रोहिणीला ठाऊक होतं आणि गेले अकरा दिवस ते तिला आतून कुरतडत होतं.

नाशिकच्या एका शेतकी महाविद्यालयात ती शिकवायची. दोन वर्षं स्कूटरवरून इथे सायखेड्याला खेपा घातल्या होत्या, त्या चतुराबाईंच्या नाकासाठी. सकाळी त्या कांदाचाळीच्या कडेने सावकाश चालत जात. मध्येच थांबत, हुंगत आणि फळ्यांमधून हात घालून नेमका नासायला लागलेला कांदा बाहेर काढत. यंत्राला जे आठवड्याने कळायचं ते या बाईंना आजच कळायचं. रोहिणीने त्यावर शोधनिबंध लिहिला, नेदरलँड्समधल्या परिषदेने तो निवडला. तेव्हा तिनेच मोठ्या तोऱ्यात कळवलं होतं की नुसतं माझ्या तोंडून ऐकू नका, चतुराबाई स्वतः व्हिडिओवरून बोलतील.

मग नेटसाठी तिने काय काय केलं नाही! इथून निघताना रोमिंगचं पॅक घेतलं. विमानतळावर उतरल्या उतरल्या तिकडचं सिमकार्ड घेतलं. हॉटेलचं वायफाय तासातासाला खोलीचा नंबर विचारायचं आणि सभागृहातलं चारशे माणसांच्या ओझ्याने मान टाकायचं. शेवटी तिथल्या तंत्रज्ञाच्या हातापाया पडून तिने आपल्या लॅपटॉपला वेगळी केबल जोडून घेतली. सायखेड्याची रेंजही त्या दिवशी शहाण्यासारखी वागली. चित्र इतकं लख्ख आलं की पडद्यावर चतुराबाईंच्या नथीतले मोती मोजून घ्यावेत.

त्यांच्या मागे गावातल्या दहा-बारा बाया दाटीवाटीने बसल्या होत्या. शेजारची सखुबाई ताट घेऊन पुढे आली आणि तिने मोबाइललाच ओवाळलं. भिंतीएवढ्या पडद्यावर निरांजनाची ज्योत गरगर फिरली. सभागृहात कुजबुज झाली. मग चतुराबाईंनी बुक्कीने कांदा फोडला, मोबाइलच्या तोंडाशी धरला आणि म्हणाल्या, "घ्या वास!"

सभागृह हसलं. रोहिणीचे कान तापले. आपली सगळी मेहनत खेड्यातली गंमत होऊन बसली, असं तिला वाटलं आणि तिचं बोट कॉल तोडायच्या बटणावर गेलं. एकदाच टिचकी. पडदा काळा झाला. वर "हॅलो, हॅलो" असं दोनदा ओरडण्याचं नाटकही तिने वठवलं. मग हसून इंग्रजीत म्हणाली, आमच्या गावाकडचं नेट असंच असतं, माफ करा. लोकांनी समजूतदारपणे टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी तिने चतुराबाईंना निरोप धाडला, तुमच्याकडची लाइन गेली.

"बसा की. उभ्या का?" चतुराबाईंनी सतरंजी झटकली. "सखूनं तर लय बोलणी खाल्ली ओ. समद्या म्हणतात, तुझ्या निरांजनानं मोबाइल तापला आन् बंद पडला. दोन दिस जेवली नाय नीट."

बाहेर ओट्यावर सखुबाई कांदे निवडत बसली होती. येताना रोहिणीने तिला नमस्कार केला तेव्हा तिने मान वर केली नव्हती. ते का, हे आता कळलं. रोहिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तिचा काही दोष नाही," ती कसंबसं म्हणाली.

"मी बी तेच म्हणते. पण मला एकच वाईट वाटतं मॅडम. माझं बोलणं निम्म्यातच ऱ्हायलं."

"काय बोलणार होतात?"

"कांदा म्होरं धरला, घ्या वास म्हटलं. हसले ना ते? मला ऐकू आलं. मला हसवायचंच व्हतं." चतुराबाईंच्या डोळ्यांत त्या दिवसाची मिस्किली पुन्हा उतरली. "मंग म्हणणार व्हते, बघा, एवढ्या लांबून समदं दिसतंय, ऐकू येतंय, पन वास काय येत नाय. तवा नाक घेऊन सायखेड्याला या. चार दिस ऱ्हावा. मी शिकवते."

रोहिणीला निबंधाच्या शेवटी हेच सांगायचं होतं. दोन पानं खर्ची घालूनही ते तिला असं जमलं नव्हतं.

तिने पिशवी सतरंजीवर ठेवली, मग उचलून पुन्हा मांडीवर घेतली.

"मावशी, लाइन गेली नव्हती."

"मंग?"

"मी बंद केली. लोक हसले आणि... मला लाज वाटली."

"कुणाची?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. त्या लोकांची म्हणता आलं असतं, माझी स्वतःची म्हणता आलं असतं.

"तुमची," रोहिणी म्हणाली.

चतुराबाईंनी हातातला रुमाल उलटा केला, सुलटा केला, त्याची सुटलेली लोकर नखाने आत सारली. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रोहिणीला वाटलं. तिला वर बघवेना.

तेवढ्यात ओट्यावरून सखुबाईचा आवाज आला. धीर करून विचारल्यासारखा.

"चतुरा, काय म्हणतात गं मॅडम? माझ्याच निरांजनानं झालं ना?"

चतुराबाईंनी रोहिणीकडे पाहिलं.

"नाय गं," त्यांनी बाहेर आवाज दिला. "तिकडचंच नेट गेलं व्हतं. तेच सांगायला आल्यात एवढ्या लांब."

"अगं बया! एवढ्या मोठ्या देशात बी जातं?"

"जातं की," चतुराबाई म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.