पहिली भिशी चालवणाऱ्याची

अनुसूयाबाईंना या भानगडीत मिळण्यासारखं होतं ते एवढं: दहा बाय बाराची एक खोली, रस्त्याकडे उघडणारं तिचं दार आणि चार कपाटांतली चारशे पुस्तकं. तिन्ही वस्तू त्यांच्याकडे आधीपासूनच होत्या. असलेलं हातचं जाऊ नये, एवढाच नफा.

घेणारा परका असता तर बाई भांडल्या असत्या. घेणारा होता हरीश, त्यांचा मुलगा. वसमतला त्याची हळदीची आडत आहे आणि ती खोली त्याला केबिन करायला हवी होती. एसी येऊन ओसरीत खोक्यात उभा होता. गुढीपाडव्याला उद्घाटन, तोवर पुस्तकं बाहेर, असं त्यानं दिवाळीतच सांगून टाकलं होतं. बाहेर म्हणजे कुठं, ते सांगितलं नव्हतं. पण त्याच्या मोबाइलात रद्दीवाल्याचा नंबर आलाय हे सून पुनमनं पाहिलं. तिनं ते माझ्या बायकोला सांगितलं, म्हणून मला माहीत.

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ‘हळद भाव रोज’. माणसं एकशे ऐंशी, ॲडमिन हरीश. सकाळी तो कांडीचा, म्हणजे हळकुंडाचा, भाव टाकतो, मग दिवसभर आम्ही त्या भावाला नावं ठेवतो. आकडा फुगावा म्हणून त्यानं आईलाही त्यात घातलं होतं. बाई चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत होत्या, ग्रुपातली निम्मी माणसं त्यांच्या हातची छडी खाऊन मोठी झालेली. मार्गशीर्षात एका दुपारी बाईंनी पहिल्यांदा काही लिहिलं: ‘महिन्यातून एकदा जमावे, एकेका पुस्तकावर बोलावे, असा बुक क्लब काढावा का? मत कळवा.’

दहा मिनिटांत एकतीस अंगठे आले. वाचलं कोणीच नव्हतं. बाईंचा मेसेज, अंगठा दिलेला बरा. वाचल्यावर चर्चा सुरू झाली.

“बाई, शेवटी परीक्षा हाय का?” हे वसराम. तांड्यावरचा शेतकरी, चौथीत बाईंनी दोनदा बसवलेला.

“पुस्तक आमी वाचायचं का तुमी वाचून सांगनार?” हे किशनराव. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला त्यांचं पाच एकर आहे आणि पाणी सुटलेलं नसलं की त्यांना भरपूर वेळ असतो.

“आमच्याकं एक हाय. बियाण्याच्या कंपनीनं फुकट देल्तं. चालंल का?” हे सटवाजी.

“भाव काय निघाला आज?” हे कोणीतरी. दर वीस मिनिटांनी.

दुसऱ्या दिवशी दोन तट पडले. एक म्हणे, ग्रुप भावाचा आहे, त्यात पुस्तक काहून? दुसरा म्हणे, भाव तर रोजच पडून राहिला, पुस्तकानं अजून किती पडेल? तिसऱ्या दिवशी खरी अडचण निघाली. पुस्तक एक आणि वाचणारे वीस, तर आधी नेणार कोण? बाईंनी समजावून पाहिलं की पाळीपाळीनं न्यायचं. तरी पहिली पाळी कोणाची, यावर सत्तर मेसेज झाले. त्यात तीन माणसं ग्रुप सोडून गेली आणि संध्याकाळी भावासाठी परत आली.

शेवटी किशनरावांनी लिहिलं, “एवढी तकलीफ कशाला? भिशी घाला की पुस्तकाची.”

तीन दिवस जे कोणाच्या डोक्यात शिरत नव्हतं ते एका ओळीत शिरलं. भिशी सगळ्यांना कळते. दर महिन्याला प्रत्येकानं एक पुस्तक आणायचं, चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव निघेल त्यानं सगळा ढीग उचलायचा, आणि पुढच्या वेळी त्यातलं काय वाचलं ते सांगायचं. नेलेलं परत द्यायचं नाही, हेही आपोआप ठरलं. भिशीतले पैसे कोणी परत देतं का?

इथवर हरीश फक्त भाव टाकत होता. भिशी म्हटल्यावर तो जागा झाला. त्या दिवशी जेवताना तो आईला म्हणाला, “आई, एकच पुस्तक काहून देऊन राहिली? शंभर टाक ना. चार भिश्यांत चारशे. चांगल्या घरात जातील, अन् तुला पुण्य.”

“शंभर?” बाई म्हणाल्या.

“लोकायला वाचू दे की.”

मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन. चार महिन्यांत खोली रिकामी आणि समोर पाडवा. रद्दीवाल्याची बदनामीही टळली. पुनम वाढत होती. ती सांगते, आई एवढंच म्हणाल्या, “तू म्हणतोस तर ग्रुपवर तूच लिही.”

हरीशनं लिहिलं: ‘बुक भिशीला ॲडमिनचा फुल सपोर्ट. जागा आमच्या घरी. भिशीचे सगळे नियम बराबर लागू राहतील. मागाहून कोणी कुरकूर करायची नाही.’

त्याच्याच हातचं होतं, तारखेसकट. आम्ही कित्येकांनी ते जपून ठेवलं.

रविवारी त्या खोलीत तेवीस जण जमले, बाई आणि हरीश धरून. सतरंजीवर बाईंची शंभर पुस्तकं, कव्हरं घातलेली. शेजारी आमची बावीस: सटवाजीचं बियाण्याचं, किशनरावांचं पाच वर्षांपूर्वीचं पंचांग, कोणाचं दहावीचं गाइड, कोणाचं ड्रायव्हिंगच्या परीक्षेचं. हरीशनं ट्रॅक्टरसोबत मिळालेलं माहितीपुस्तक ठेवलं होतं. पुनमनं स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या हलवल्या आणि हरीशनं हात घातला.

“थांबा शेठ,” वसराम म्हणाला. “पहिली भिशी चिठ्ठीची नस्ते. चालवनाऱ्याची अस्ते.”

सगळे एकदम “व्हय व्हय” म्हणाले. गावात कोणतीही भिशी घ्या, पहिला नंबर चालवणाऱ्याचा. वर्षभर माणसं गोळा करायची त्याची ती मजुरी.

हरीश हसला. “अरे, ते पैशाच्या भिशीत.”

“तुमीच लिव्हलं ना, सगळे नियम बराबर?” किशनरावांनी मोबाइल वर धरला. “अन् मागच्या दसऱ्याला व्यापाऱ्यांच्या भिशीत पहिला नंबर कोनी उचलला, शेठ? त्यातूनच तर आला म्हनतेत हा एसी.”

तेवीस डोकी ओसरीतल्या खोक्याकडे वळली. हरीशचं डोकंही.

ढीग बाईंचा झाला. एकशेबावीस पुस्तकं कपाटांत गेली. जी खोली शंभरनं हलकी व्हायची ती बावीसनं जड झाली.

“जाऊ द्या,” हरीश म्हणाला. “पौषातल्या भिशीत आई पुन्हा शंभर टाकील.”

“कसे टाकतील?” सटवाजीला खरंच काळजी वाटली. “हप्ता समद्यायचा सारखा लागतो. बाईनं शंभर टाकले तर आमी शंभर कुठून आनावं? माझं हे एकच होतं.”

याच्यावर वाद झालाच नाही. हप्ता एक पुस्तक, माणसं तेवीस, महिने तेवीस. चालू भिशी मध्येच मोडत नाहीत, जागाही बदलत नाहीत. म्हणजे यंदाचा पाडवा गेला आणि पुढचाही.

बाई खाली मान घालून वहीत नावं लिहीत होत्या. हसल्या असतील तर वहीकडे बघून. वसरामला नेमका तो नियम ऐन वेळी आठवला कसा, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “आठवला.” आदल्या दिवशी बाई त्याच्या घरी तांड्यावर भाकरी खायला गेल्या होत्या, एवढं मला कळलं. जास्त मी विचारलं नाही; मलाही चौथीत बाईच होत्या.

आता चैत्र संपत आला. भिशी त्याच खोलीत भरते. बाई एकेकाला उभं करून काय वाचलं ते विचारतात. सटवाजीचा नंबर पौषात लागला, त्यानं खरंच तीन वाचली आणि आता भाव पडला तर तो एखाद्या पुस्तकातलं सांगतो. फाल्गुनातच खोलीत जीव उकडायला लागला. किशनराव म्हणाले, “शेठ, खोक्यात काहून ठुलं त्याला? लावा की इथं.” एकवीस गिऱ्हाइकांसमोर नाही कसं म्हणणार? लावला. हरीश बाहेर ओसरीत पंख्याखाली बसतो आणि तिथंच कांडी मोडून दाखवतो.

तर हिशेब असा. बाईंना आले बावीस आणि उरलेल्या बावीस भिश्यांत जाणार बावीस. भिशी संपेल त्या दिवशी पुस्तकं मोजली तर चारशे. खोली त्यांची, दार त्यांचं. आमचं प्रत्येकाचं जाणार तेवीस आणि येणार तेवीस. कोणाचंच काही गेलं नाही.

हरीशची एक खोली गेली, एसी गेला, त्याचं बिल दर महिन्याला जातं. शिवाय हप्ता. आईच्या कपाटातलं घेता येत नाही, ते खातं वेगळं. घरात दुसरं पुस्तक नाही. म्हणून दर महिन्याला तो नांदेडहून एक नवं कोरं विकत आणतो. त्याचा नंबर अजून लागलेला नाही. लागेल तेव्हा एकदम तेवीस पुस्तकं त्याला मिळतील, आणि ती ठेवायला घरात जागा एकच आहे.