दहापैकी तीन

सकाळपासून आईने एकदाही विचारलं नव्हतं. ओठ इतके घट्ट मिटले होते की लेकीनेच तिला विचारलं, दाढ दुखतेय का.

लेक नववीत. एका जागी ठरत नाही म्हणून घरादारात भिंगरी. तीन आठवड्यांपूर्वी बास्केटबॉल खेळताना मैत्रिणीच्या डोक्यावर डोकं आपटलं, मेंदूला हादरा बसला आणि भिंगरी पडदे ओढलेल्या खोलीत आडवी झाली. आईने दर अर्ध्या तासाला "डोकं दुखतंय का?" असा धोशा लावला. इतका, की पोरीच्या तोंडात "नाही" बसूनच गेलं. झोपेतून उठवलं तरी "नाही". त्या "नाही"वर विसंबून तिला शाळेत पाठवलं, तर दुसऱ्याच तासाला उलटी होऊन घरी परत. पुढचे चार दिवस पुन्हा तीच अंधारी खोली.

मग शाळेच्या नर्सबाईंनी पथ्य लावलं, तेही आईला: विचारायचं नाही. भिंगरीच्या बाकावर एक कार्ड राहील, एका बाजूने हिरवं, दुसऱ्या बाजूने पिवळं. त्रास वाढला की तिने आपणहून ते उलटायचं आणि विश्रांतीच्या खोलीत यायचं. शिक्षकांनी कारण विचारायचं नाही. आज दोनच तास. न लपवता निभावले तर सोमवारपासून रोज अर्धा दिवस आणि प्रयोगशाळाही. तिथे मैत्रिणींनी मायक्रोस्कोपपाशी तिची जागा अडवून ठेवली होती. पुन्हा लपवलं, तर आणखी दोन आठवडे घर.

पहिला तास पार पडला. वर्गाबाहेर व्हरांड्यात थांबलेल्या आईचे पाय आनंदाने जमिनीवर ठरत नव्हते. भिंगरी कोणाची लेक, हे त्या व्हरांड्यात कोणीही ओळखलं असतं.

दुसरा तास गणिताचा. दाराच्या काचेतून आईला दिसलं: भिंगरी डावी भुवई चोळतेय. दुखायला लागलं की ती हेच करते. कार्ड मात्र हिरवंच. आईचा हात दाराच्या कडीवर गेला. मागून नर्सबाई हळूच म्हणाल्या, "हात मागे घ्या. तिचं काम तिला करू द्या."

भिंगरीने फळ्याकडे पाहिलं. शेजारणीच्या वहीकडे पाहिलं. पुन्हा भुवई. आईने कडीवरचा हात मागे घेतला.

आणि कार्ड उलटलं. पिवळं!

दार उघडून भिंगरी बाहेर आली आणि आई दिसताच थबकली. "आई, दुखतंय. फार नाही. दहापैकी तीन."

दुखतंय हे ऐकून इतकी हरखलेली आई नर्सबाईंनी जन्मात पाहिली नसेल. तिने लेकीला मिठीच मारली असती, पण डोकं हलेल म्हणून नुसता हात धरला.

विश्रांतीच्या खोलीत दिवा मालवून भिंगरी पंधरा मिनिटं पडून राहिली. तिनाचा एक झाला. मग कोणी न सांगता उठली, वर्गात गेली आणि कार्ड परत हिरवं केलं. राहिलेलं गणित घंटेच्या आत सुटलं.

नर्सबाईंनी तक्त्यात सोमवारसमोर लिहिलं: अर्धा दिवस, प्रयोगशाळेसह.

फाटकाशी येईपर्यंत आईने प्रश्न कसाबसा धरून ठेवला. "आता एकदा विचारू?"

"एकदाच हं."

"डोकं दुखतंय का?"

भिंगरी चालता चालता थांबली. डोळे मिटून तिने खरोखर तपासून पाहिलं.

"एक," ती म्हणाली. "आणि भूक, दहापैकी दहा."