खाऱ्या पाण्याची टाकी

मित्रांनो, माझ्या कडेवरून बोट फिरवा आणि जिभेला लावून पाहा. अजूनही खारट लागेल. मी धारच्या बर्फखान्यातली जुनी लोखंडी टाकी आहे. महूपर्यंत आगगाडीने आले आणि पुढे बैलगाडीने, हाडे खिळखिळी करत.

माझ्या पोटात मिठाचे पाणी असे. त्यात नळ्या, आणि नळ्यांत गारवा देणारा अमोनिया वायू. खारे पाणी बर्फाहून गार झाले तरी गोठत नाही. ते नळ्यांचा गारवा उचलून माझ्यात बुडवलेल्या गोड्या पाण्याच्या डब्यांना देते, मग डब्यांत बर्फ होतो. लोक बर्फाचे कौतुक करत. माझे कोणी केले नाही, याचा मला थोडा राग होताच.

एका श्रावणात आमचे मालक बापूसाहेब यांच्या काकू यमुनाबाई तापाने फणफणल्या. डॉक्टरांनी बर्फ चघळायला सांगितला. पण त्यांचा चातुर्मासाचा नेम होता, सैंधवाखेरीज दुसरे मीठ वर्ज्य. "समुद्राच्या मिठात बुडालेल्या डब्यातला बर्फ मी तोंडाला लावायची नाही," त्यांनी निक्षून सांगितले.

यंत्रावरचा खंडोजी भाविक माणूस. "मीठच काढून टाकतो, भिया, काय बिघडतं," असे बापूसाहेबांच्या गड्याला म्हणत त्याने माझे पाणी ओतून दिले आणि विहिरीचे गोडे पाणी भरले. ते नळ्यांभोवतीच गोठून बसले. डब्यांत बर्फ झालाच नाही, उलट फुगलेल्या बर्फाने माझी शिवण उकलली. फार दुखले. तिकडे ताप चढतच होता.

खंडोजी माझ्याशेजारी डोके धरून बसला. त्याची बायको सुभद्रा भाकरी घेऊन आली, तिला त्याने सगळे सांगितले. ती म्हणाली, "अहो, मीठच पायजे ना? मग सैंधव काय मीठ नव्हे?"

वाण्यांकडची पोती आली, तरी कमी पडली. मग सुभद्रा घरोघर फिरली आणि बायकांनी उपासाच्या सैंधवाच्या बरण्या तिच्या पदरात रिकाम्या केल्या. लोहाराने शिवण सांधली. दुसऱ्या दिवशी डब्यातून बर्फाची लादी निघाली. यमुनाबाईंनी तुकडा तोंडात धरला. "गार वाटलं हो," त्या पुटपुटल्या, आणि दोन दिवसांत ताप उतरला.

बऱ्या झाल्यावर त्या मला पाहायला आल्या. माझ्यात बोट बुडवून चाखले आणि हसल्या. "तू खारट, म्हणून मी वाचले."

आता नवी यंत्रे आली आहेत. मी परसात असते, गाई माझ्या कडा चाटतात. मित्रांनो, एवढेच मागते. कुणाच्या पोटातले काही काढून टाकण्याआधी ते तिथे कशासाठी आहे, हे विचारा. लोहाराने सांधलेली माझी ती शिवण अजूनही पाझरत नाही.