उजेडात धरलेले दोन कागद

ही हकिकत कोणाला पटणार नाही, पैज लावून सांगतो. हिच्यात थाप एकच आहे. सापडली तर तिथल्या तिथे बोला.

बाटल्यांच्या कारखान्यातल्या जेवणघरात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. मालकाने स्वभावतज्ज्ञ आणला होता. माणूस गुळगुळीत, बोलणं त्याहून गुळगुळीत. "चाळीस प्रश्न! नुसतं हो की नाही! अंतरंगाचा एक्स-रे!" फॉर्म आठवड्यापूर्वीच भरून झाले होते, तपासनीसबाईंनीच ते गोळा करून बांधून दिले होते. आज निकाल. निळा शिक्का म्हणजे 'सागर', तो राहणार. लाल म्हणजे 'वादळ', त्याला शनिवारपासून घरी.

निकाल वाचून भट्टीवरचा रेड्यासारखा मिस्त्री ढसाढसा रडला.

"'वरून कठोर, आतून हळवा!' बायकोला वीस वर्षांत कळलं नाही हो, ह्यांना कळलं!"

पॅकिंगवाल्या मावशी तर तज्ज्ञाच्या पायाच पडायला निघाल्या.

तपासनीसबाईंच्या कागदावर लाल शिक्का. बावीस वर्षं त्या उजेडात बाटल्या धरून तडे शोधत होत्या. घरात मिळवत्या त्या एकट्याच.

"वादळ? मी?"

"बघा, राग आला ना? हेच ते वादळ," तज्ज्ञ गोड हसला. त्याच्याबरोबर सगळं जेवणघर हसलं.

"तशा तापटच आहात हो तुम्ही," मावशी म्हणाल्या. कालच बाईंच्या डब्यातलं खाल्लेलं तोंड ते!

बाईंना शिसारी आली. तज्ज्ञाची आली, त्याहून त्या डोलणाऱ्या मुंड्यांची. पण हाताची सवय जाते कुठे? शंका आली की त्या दोन बाटल्या एकीमागे एक उजेडात धरायच्या. त्यांनी मिस्त्रीचा कागद ओढला, आपल्या कागदावर ठेवला आणि खिडकीशी धरला.

अक्षरावर अक्षर बसलं. नाव आणि शिक्का सोडला, तर फरक शून्य!

"मावशी, वाचा तुमचा. मोठ्याने."

"'वरून कठोर...'"

"'आतून हळवा!'" आपापल्या कागदात बघत सगळं जेवणघर पाढे म्हटल्यासारखं ओरडलं.

"अहो, मग आमची उत्तरं?" मिस्त्रीने नाक पुसत विचारलं.

बाईंनी तज्ज्ञाची बॅग टेबलावर उपडी केली. फॉर्मचा गठ्ठा धपकन पडला. "ही गाठ माझी. आठवडाभर कोणी सोडलेली नाही." गठ्ठ्याशेजारी एक यादी निघाली. पंधरवड्यापूर्वी बाईंनी तडे गेलेला माल अडवला होता. बाई आणि त्यांच्या बाजूने बोललेले पाच जण, सहाही नावांवर लाल खुणा.

"यादी मालकांची आहे! मी फक्त शिक्के मारले!" तज्ज्ञ किंचाळला.

"कोणालाही लागू पडेल असं लिहिलं, म्हणून प्रत्येकाला आपलंच वाटलं," बाई म्हणाल्या. "बाटलीला मी चाळीस प्रश्न विचारत नाही. उजेडात धरते. माणूस पारखायचा तर त्याचं काम बघा. आणि कोणी तुमचा स्वभाव सांगायला लागला, तर आधी शेजाऱ्याचा कागद मागा."

शनिवारी कोणी घरी गेलं नाही. मिस्त्रीने भट्टीच थंड ठेवायची धमकी दिली. मग मालक खाली आला, त्याने सहाही जणांपुढे हात जोडले, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "चुकलो..."

"थाप! काका, ही थाप!" ऐकता ऐकता मागून माझी पुतणी ओरडली. "यादी करणारा कधी हात जोडतो होय?"